नक्षी उरली, नोंद हरवली

प्राचीन चीनमधील कांस्यपात्रांवरची नक्षी छापलेली कागदी चिकटपट्टी हल्ली बाजारात मिळते. मुळात ही पट्टी रंगाऱ्यांची. रंग लावताना कडा झाकण्यासाठी वापरायची. जपानच्या कामोई काकोशी या कंपनीने २००८ साली तिला शोभेचे रूप दिले आणि दैनंदिनीची पाने व भेटवस्तूंची वेष्टने तिने सजू लागली. ‘अशाने वारसा तरुणांपर्यंत पोहोचतो’, असे कांस्यनक्षीच्या पट्टीचे समर्थन केले जाते. प्रश्न असा की, पोहोचते ते नेमके काय?

शांग राजवटीत (सुमारे इ.स.पू. १६०० ते १०४६) ही पात्रे पितरांना अन्न व मद्य अर्पण करण्यासाठी ओतली जात. आन्यांग येथे १९३९ साली सापडलेले ‘होउमूवू डिंग’ हे चौकोनी पात्र सुमारे ८३३ किलो वजनाचे आहे. त्याच आन्यांगच्या राजसमाधींच्या परिसरात बळी दिलेल्या माणसांचे सांगाडे मोठ्या संख्येने सापडले. पात्रांवरचा तो वटारलेल्या डोळ्यांचा मुखवटा या श्रद्धेचा आणि या सत्तेचा साक्षीदार आहे. वाढदिवसाच्या पाकिटावर तो केवळ गोंडस प्राणी ठरतो.

नक्कल करणे हा अपराध नव्हे. सोंग काळापासून चिनी कारागीर हे आकार चिनी मातीच्या भांड्यांत उतरवीत आले आहेत. परंतु त्याच सोंग काळात, १०९२ साली, ल्यू दालिन या विद्वानाने ‘काओगूतू’ हा ग्रंथ सिद्ध केला. त्यात पात्रांची चित्रे, मापे, वजने, त्यांवरील लेख आणि ठाऊक असेल तेथे सापडल्याचे ठिकाणही दिले आहे. नकलेच्या शेजारी नोंद होती. आज नक्षी तेवढी उचलली जाते आणि नोंद मागे राहते.

नक्षीचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. बाओजी येथे १९६३ साली मिळालेले एक मद्यपात्र १९६५ साली भंगारात विकले गेले होते. तेथून ते वाचले, ते त्याच्या रूपाने एका संग्रहालय कर्मचाऱ्याचे लक्ष वेधले म्हणून. मात्र १९७५ साली ते स्वच्छ करताना आत १२२ अक्षरांचा लेख आढळला, आणि ‘चीन’ या अर्थाच्या ‘चोंगक्वो’ या शब्दाचा सर्वांत जुना ज्ञात उल्लेख हाती आला. रूपाने वाचवले; अर्थ दिला तो लेखाने.

‘पंधरा मिलिमीटरच्या पट्टीवर किती ओझे लादणार?’ असे कोणी विचारील. पट्टीला वेष्टन असते, आत पुठ्ठ्याचे कडे असते. पात्राचे नाव, काळ, सापडल्याचे गाव आणि सध्याचे संग्रहालय या चार गोष्टी तेथे सहज मावतात. किंमत आणि उत्पादकाचे नाव मावते, मग याच मजकुराला जागा का नसावी? ज्या पट्टीवर तो छापलेला असेल, तिच्याविषयी तक्रार नाही.

झोउ काळातील अनेक पात्रांवरचे लेख, मुला-नातवंडांनी हे पात्र सदैव जपून वापरावे, अशा इच्छेने संपतात. वापरण्याची आज्ञा आपण उत्साहाने पाळतो आहोत. जपण्यासाठी मात्र आपल्या हाती काय आहे, हे आधी ठाऊक असावे लागते.