अठरा वर्षांनंतर पुढे काय?

वकिलीच्या निमित्ताने आमच्याकडे एक प्रकरण दर दोन-चार महिन्यांनी हटकून येते. नावे बदलतात, कहाणी तीच. बौद्धिक अक्षमता असलेला मुलगा विशेष शाळेत जात होता. १८ वर्षे पूर्ण झाली, शाळेने दाखला हातात दिला आणि मुलगा घरी बसला. आई धुणीभांड्याला, बाप नाक्यावर. बँक म्हणते, मुलगा सज्ञान झाला, आता तुमची सही चालणार नाही. आणि मुलाला सही करायला तर कोणी शिकवलेच नाही!

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चे कलम ३१ किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क देते. १९व्या वर्षी काय, याची तयारी मात्र शाळा करून घेत नाही. ('अपंग'चे 'दिव्यांग' झाले, पाट्या रंगल्या, बाकी सारे जिथल्या तिथे.) व्यवसाय शिक्षण म्हणजे मेणबत्त्या आणि कागदी पिशव्या. त्या विकत कोण घेणार, हे कोणी विचारत नाही.

हक्क कागदावर आहेत. १९९५ च्या कायद्यात सरकारी नोकरीत ३ टक्के आरक्षण होते आणि त्यात बौद्धिक अक्षमतेला जागाच नव्हती. २०१६ च्या कायद्याने ते ४ टक्के केले, या मुलांनाही त्यात घेतले. उच्च शिक्षणात ५ टक्के. हे आरक्षण समांतर आहे, म्हणजे आपल्या मुलाने जातीचा दाखला आणि दिव्यांग प्रमाणपत्र दोन्ही काढून ठेवावेत. एक घेतले म्हणून दुसरे जात नाही. २०२० मध्ये चंदीगडच्या कला महाविद्यालयातील प्रवेशाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दिव्यांगही सामाजिकदृष्ट्या मागास आहेत असे मानले आणि अनुसूचित जाती-जमातींना मिळणारी गुणांची सवलत त्यांनाही लागू केली. आरक्षणासाठी रस्त्यावर उतरणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांनी हा निकाल वाचला?

पालकत्वाबाबत मोठा गैरसमज आहे. १८ नंतर आईबाप आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे अर्ज करता येतो. पण आमचे स्पष्ट मत आहे की धावतपळत पालकत्व घेणे हा पहिला उपाय नव्हे. नव्या कायद्याच्या कलम १३ ने त्यांनाही मालमत्तेचा आणि आपले पैसे आपण सांभाळण्याचा समान हक्क दिला आहे. जो मुलगा थोड्या मदतीने व्यवहार करू शकतो, त्याचा अंगठा दुसऱ्याच्या हाती का द्यायचा?

म्हणून सुरुवात १४व्या वर्षी व्हावी. यूडीआयडी कार्ड, मुलाच्या नावाचे खाते, सही. एकट्याने बस पकडणे, दुकानात सुटे पैसे मोजून घेणे. एखाद्या ओळखीच्या गॅरेजमध्ये, झेरॉक्सच्या दुकानात सुट्टीत दोन तास खरे काम. शाळा करत नसेल तर वस्तीतल्या विहारात रविवारी हे शिकवता येईल, आणि आपल्यातले बँकेत, एसटीत, सरकारी कार्यालयात असलेले लोक ते आमच्यापेक्षा चांगले शिकवतील. अर्ज भरून द्यायला आम्ही बसू.