खंजिरी आणि बटण

वर्धेला पूर आला, की तिवसा तालुक्यातल्या मोबाइलांवर कौंडण्यपूर बुडालंच म्हणून समजा. फोटो भलत्याच नदीचा, तोही जुना. मजकुरात ‘पुर’ ऱ्हस्व आणि खाली ‘आमच्या वार्ताहराकडून’. अर्ध्या तासात ती बातमी आठ ग्रुप फिरून लिहिणाऱ्याकडेच परत येते. मग जाणते म्हणतात, छापणं फुकट झालं, म्हणून लेखन घसरलं.

साधन सोपं झालं की दर्जा जातो, तर मग खंजिरीचं काय? याच तालुक्यात, मोझरीला, तुकडोजी महाराजांनी 1935 साली गुरुकुंज आश्रम उभारला. त्यांच्या हातात होतं ते लाकडी कडं आणि त्यावर ताणलेलं चामडं. कोणालाही परवडावं, कोणीही उचलावं असं वाद्य. पण खंजिरी वाजते ती समोर बसलेल्या गावापुढे. भजन ढिलं पडलं, तर मागची माणसं धोतर झटकून उठतात. कडव्याचा निकाल जागच्या जागी लागतो.

मुंबईत 1950च्या दशकात अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, रमेश समर्थ यांनी ‘शब्द’ हे अनियतकालिक काढलं, तेही सायक्लोस्टाइलवर. छपाई स्वस्तातली होती, कविता नव्हती.

घसरगुंडीचं कारण वेगळंच आहे. खिळ्यांच्या छापखान्यात मजकूर निदान तिघांच्या नजरेखालून जायचा: जुळारी, मुद्रितशोधक आणि पैसे मोजणारा. जुळारी तर एकेक अक्षर बोटांनी उचलायचा. ‘साहेब, हे वाक्य लागत नाही,’ असं पहिल्यांदा म्हणायचा तोच. मोबाइलनं खर्च वाचवला, त्यात हे तिघेही गेले. बटण दाबणाऱ्याला वाटतं, आपण मोकळे झालो. खरं म्हणजे त्या तिघांचं काम त्याच्या एकट्याच्या अंगावर पडलं आहे, आणि हे त्याला कोणी सांगितलेलंच नाही.

आपल्याच अमरावती जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपुरात, म्हाइंभटांनी तेराव्या शतकात ‘लीळाचरित्र’ लिहिलं. तेव्हा ना खिळे होते, ना यंत्र. चक्रधरस्वामींची आठवण ज्याच्याजवळ होती, त्या माणसामाणसाला ते गाठत गेले. ऐकलेलं स्वामींचे शिष्य नागदेवाचार्य यांच्याकडून पारखून घेत गेले. मराठीतला आद्य चरित्रग्रंथ वऱ्हाडात लिहिला गेला तो असा, विचारत विचारत.

तेव्हा बटणाला शिव्या घालून काय होणार? बातमी टाकण्याआधी कौंडण्यपुरातल्या कोणा ओळखीच्याला एवढंच विचारावं, ‘पानी कुठलोक आलं गा?’ त्यासाठी लागणारा फोन हातातच असतो.