बरे झाल्यावर राहायचे कुठे?

येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांत असे रुग्ण आहेत, ज्यांचा आजार औषधांनी आटोक्यात आला आहे. तरी ते आतच आहेत, काही तर वर्षानुवर्षे. कारण वैद्यकीय नाही. दिलेल्या पत्त्यावर आता कोणी राहत नाही, किंवा भाऊ म्हणतो, ‘आधी मुलीचे लग्न होऊ दे.’

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चा, लागू झाला २९ मे २०१८ रोजी. त्याचे कलम १९ या बाबतीत स्पष्ट आहे. कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही किंवा बाहेर सोय नाही, एवढ्याच कारणावरून कोणालाही मनोरुग्णालयात ठेवता येत नाही. बाहेरची सोय करणे ही सरकारची जबाबदारी आहे. ‘नातेवाईक नेत नाहीत’ हे उत्तर म्हणूनच पुरेसे नाही.

अर्थात, घरी पोहोचले म्हणजे सारे मार्गी लागले असेही नाही. स्किझोफ्रेनियात भास आणि संशय औषधांनी बऱ्याच जणांत कमी होतात. पण कशात मन न लागणे, स्वतःहून काही न करणे, बोलणे तुटक होणे ही लक्षणे मागे उरतात आणि सध्याची औषधे त्यांवर फारशी चालत नाहीत. घरचे याला आळस म्हणतात. त्यात काही गोळ्यांनी सकाळी डोळे उघडत नाहीत. अशा माणसाला दुपारची पाळी मिळाली तर नोकरी टिकू शकते. पण विचारणार कोण? आपल्याकडे पुनर्वसन म्हणजे अजून मेणबत्त्या आणि कागदी पिशव्याच. त्या बनवणाऱ्याला पूर्वी टायपिंग येत होते का, हिशेब जमत होता का, याची चौकशी क्वचितच होते.

चेन्नईच्या ‘द बनयन’ या संस्थेने यातून एक साधी वाट काढली. वर्षानुवर्षे रुग्णालयात राहिलेल्या चार-पाच जणींना नेहमीच्या वस्तीत भाड्याचे घर आणि मदतीला एक कार्यकर्ती. ‘होम अगेन’ नावाचा हा उपक्रम रत्नागिरीतही आला. भाजी कोणती आणायची, टीव्हीवर काय लावायचे, यावरून इथे वादही होतात. रुग्णालयात त्याला वावच नसतो, तिथे सगळे आधीच ठरलेले असते.

अशा घरांना लागते ती मुख्यतः भाड्याची रक्कम, कार्यकर्तीचा पगार आणि जवळच्या सरकारी दवाखान्यात न चुकता मिळणारी औषधे. हा खर्च देणग्यांवर सोडू नये. आरोग्य खात्याच्या अर्थसंकल्पात त्याचे स्वतंत्र शीर्ष हवे. राहता राहिला घरमालक. भाडेकरू कोण, हे कळल्यावरही तो किल्ली देईल का, हे मात्र कलम १९ ठरवू शकत नाही.