'ळ' गेला, स्लायडर राहिला

गेल्या महिन्यात पुतण्यानं माझा ब्लॉग नव्या जागी हलवून दिला. "काका, आता सगळं ऑटोमॅटिक. एक कमांड दिली की फोटो लहान होतात, कोडमधल्या मोकळ्या जागा निघतात, फॉन्ट कापला जातो." वेग मोजणाऱ्या साधनानं १०० पैकी ९७ गुण दिले. मी पस्तीस वर्षं पेपर तपासलेत. ९७ दिसले की मला आधी संशय येतो.

दोनच दिवसांत मंठ्याहून धाकट्या बहिणीचा फोन. "दादा, 'शाळा', 'सगळं', 'दुसऱ्या' हे शब्द मधेच वेगळ्या वळणाचे का दिसतात रे?"

कारण असं निघालं. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्ट इंग्रजी फॉन्टपेक्षा जड असतो, म्हणून न लागणारी अक्षरं त्यातून काढून टाकतात. पुतण्यानं यंत्राला दिलेली अक्षरांची यादी हिंदीची होती. तिच्यात ळ नव्हता, ऱ नव्हता, ॲ नव्हता. फॉन्टात नसलेलं अक्षर फोन स्वतःजवळच्या दुसऱ्या फॉन्टातून आणतो. यंत्राचं काही चुकलं नाही. ते ९७ गुण वेगाचे होते, मराठीचे नव्हते.

आणि वर सरकणारे पाच फोटो मात्र जिथल्या तिथं! ते कोणी मागितले होते? देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं, तरी माझा हजार शब्दांचा लेख २० केबीच्या आसपास. फोटो दाबूनदाबून ७०० केबी. वाचायला आलेल्या माणसाच्या रेंजवर हा भार कशासाठी? यंत्र आहे ते लहान करतं. ते असावं की नाही, हे त्याला कोणी विचारतच नाही. माझा राग यंत्रावर नाही, 'यंत्र बघून घेईल' या वृत्तीवर आहे.

बरं, या एका कमांडसाठी पॅकेजेस किती? एकाला दुसरं लागतं, दुसऱ्याला तिसरं, आकडा शेकड्यांत गेला. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचं ११ ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकानं एनपीएमवरून काढून घेतलं आणि जगभरचे प्रकल्प अडले. त्याचं काम काय, तर मजकुराच्या डावीकडे जागा भरणं! सप्टेंबर २०२५ मध्ये तर चॉक, डीबग अशी सर्रास वापरातली पॅकेजेस सांभाळणाऱ्याला खोट्या ईमेलनं फसवून त्यांत चोरीचा कोड घुसवला गेला.

पुतण्या म्हणतो, लॉक फाइल ठेवली की ठरलेल्याच आवृत्त्या येतात. मान्य. कंटाळवाणं काम यंत्रानं करावं हेही मान्य, शंभर फोटो हातानं कोण लहान करणार? आपल्याकडे जिनिंगमध्ये सरकी यंत्रच काढतं. पण म्हणून वेचताना झोळीत पाला-माती भरत नाही कोणी.

असो. बरीच वादावादी झाली, वहिनींनी मधे पडून चहा दिला. स्लायडर काढला, त्याच्यासोबत आलेली पॅकेजेसही गेली. आता त्या कमांडच्या आधी एक तपासणी चालते: लेखातलं प्रत्येक अक्षर कापलेल्या फॉन्टात आहे का? नसेल तर पान चढतच नाही. ही तपासणी पुतण्यानंच लिहिली, वीसेक ओळींत, एकही नवं पॅकेज न घेता. परवा बहिणीला परत उघडून बघायला सांगितलं. 'शाळा' नीट दिसतेय म्हणाली.