मैदाने विकायची आणि मुलांना उपदेश करायचा!

२३ फेब्रुवारी २०२५ रोजी पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून देशाला लठ्ठपणाविरुद्ध हाक दिली. जेवणातील तेल दहा टक्क्यांनी कमी करा, असे त्यांनी सांगितले. दुसऱ्या दिवशी दहा नामवंतांची नावे जाहीर करून प्रत्येकाने आणखी दहा जणांना हे आव्हान द्यावे, अशी योजना मांडली. मे महिन्यात केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने आपल्या शाळांतून साखरेचे दुष्परिणाम सांगणारे फलक लावण्यास फर्मावले. आणि २२ सप्टेंबरपासून याच सरकारच्या पुढाकाराने बिस्किटे, चॉकलेटे, पाकीटबंद फरसाण आणि झटपट नूडल्स यांवरील वस्तू व सेवा कर अठरा आणि बारा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला. फेसाळ शीतपेयांवर चाळीस टक्के कर राहिला, एवढे श्रेय सरकारला द्यायला हरकत नाही. पण एका हाताने फलक लावायचा आणि दुसऱ्या हाताने पुडा स्वस्त करायचा, या कारभाराला आरोग्यधोरण म्हणता येत नाही.

या उपदेशाच्या मुळाशी एक सोयीस्कर गृहीत आहे. मुलाचे वजन म्हणजे मुलाची जीभ आणि त्याच्या आईची शिस्त! वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून हेच गृहीत दर रविवारी उगाळले जाते. ‘आजच्या आयांना स्वयंपाकाचा कंटाळा’ हे तर त्यातले आवडते वाक्य. ज्या बाईला पहाटे घर सोडून चार घरची धुणीभांडी करून दुपारी परतायचे असते, तिच्या मुलासाठी न शिजवता, न नासता मागे ठेवता येण्यासारखे अन्न कोणते उरते? पाच रुपयांचा बिस्किटपुडा. तो कंटाळ्यातून घेतला जात नाही. कामाचे तास, पाणी येण्याची वेळ, गॅसची किंमत आणि पाळणाघराचा अभाव या सर्वांनी मिळून तो तिच्या हातात दिलेला असतो. तिला आहारशास्त्र शिकवायला निघालेल्यांनी आधी तिच्या वस्तीत पाळणाघर काढून दाखवावे.

आपल्याही काही साथींची या प्रश्नाकडे पाहण्याची दृष्टी बदलली पाहिजे. ‘हे श्रीमंतांच्या पोरांचे दुखणे; आपला लढा मेळघाटातल्या कुपोषणाशी’ असे म्हणून ते विषय झटकून टाकतात. मेळघाटाचा लढा खराच आहे, आणि तो संपलेला नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील शंभर मुलांमागे छत्तीस कमी वजनाची आणि चारांतले एक मूल उंचीच्या मानाने रोड आढळले. पण त्याच पाहणीत, त्याच वयोगटात, अतिवजन असलेल्या मुलांचे प्रमाण आधीच्या पाहणीतील १.९ टक्क्यांवरून ४.१ टक्क्यांवर गेलेले दिसते. आकडा लहान आहे. चाल मात्र दुपटीहून अधिक आहे. जगाचे चित्र तर उलटलेच आहे. पाच ते एकोणीस वयोगटात लठ्ठ मुलांचे प्रमाण कमी वजनाच्या मुलांपेक्षा पुढे गेल्याचे युनिसेफने सप्टेंबर २०२५ मध्ये सांगितले.

रोड मूल एका वर्गाचे आणि लठ्ठ मूल दुसऱ्या वर्गाचे, अशी स्वच्छ वाटणी नसते, हे तर पुण्यातच सिद्ध झालेले आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भवती स्त्रियांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे हाडापेराने बारीक, स्नायू कमी; पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून राहिलेली. अर्धपोटी आईच्या उदरात वाढलेले शरीर पुढे स्वस्त साखरतेलाच्या माऱ्यात सापडले, की मधुमेहाला फार वाट पाहावी लागत नाही. म्हणजे आईची भूक आणि मुलाचा लठ्ठपणा ही एकाच साखळीची दोन टोके आहेत. शेतमजूर बाईला रोजगार हमीच्या कामावर पोटभर मजुरी मिळते की नाही, हा म्हणूनच मधुमेहाचाही प्रश्न आहे.

आता मैदानाकडे वळू. मुंबईच्या गिरणगावात अठ्ठावन्न गिरण्यांची मिळून सुमारे सहाशे एकर जमीन होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमांनुसार या जमिनीचा पुनर्विकास करताना एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश सार्वजनिक घरांसाठी आणि उरलेला मालकांसाठी, अशी वाटणी ठरली होती. २००१ मध्ये नियमात दुरुस्ती झाली. ही वाटणी संपूर्ण जमिनीला लागू न होता आधीपासून रिकाम्या असलेल्या तुकड्यापुरतीच राहिली. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये जनतेच्या बाजूने निकाल दिला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. ज्या जमिनीवर कामगारांची नातवंडे खो-खो खेळली असती, तिच्यावर मॉल उभे राहिले आणि त्यांच्या वरच्या मजल्यांवर पिझ्झा-बर्गरची दालने थाटली गेली. १९८२ चा संप मोडण्यात कामगाराची भाकरी गेली, हे आपण जाणतो. नातवंडांचे मैदान २००१ च्या एका दुरुस्तीत गेले, याची आपण फारशी नोंदही घेतली नाही.

शिक्षण हक्क कायद्याने २००९ मध्ये प्रत्येक शाळेला मैदान आवश्यक ठरवले आहे. शहरांत किती शाळा एका मजल्यावर वा दुकानांच्या माडीवर भरतात, हे पाहायला आयोग नेमण्याची गरज नाही. मुलींचे तर विचारूच नका. जे मैदान उरले आहे ते मुलग्यांच्या क्रिकेटने व्यापलेले, आणि अंधार पडला की मुलीने घरात, हा नियम. सेवा दलाच्या शाखेवर मुले-मुली एकत्र खेळत. आज अनेक वस्त्यांत शाखा भरवायची म्हटले तरी जागा मिळत नाही.

पोषण आहाराचे काय? १ मे २०२५ पासून प्राथमिक शाळेतील मुलामागे, धान्य वगळता डाळ, भाजी, तेल, मसाला आणि इंधन या सर्वांसाठी दिवसाला ६ रुपये ७८ पैसे असा दर ठरला. १९६३ साली लोकसभेत तीन आण्यांचा हिशेब मांडणाऱ्या डॉ. लोहियांनी या पैशांचाही हिशेब मागितला असता. महाराष्ट्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्याला एक अंडे देण्याचे ठरवले आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवून शाळांना लोकवर्गणीचा मार्ग दाखवला. मुलाला प्रथिने हवीत तर वर्गणी काढा, आणि साखर वाईट आहे हे समजावे म्हणून फलक लावा!

कंपन्यांपुढे मात्र हेच शासन किती नरम होते पाहा. चिलीने २०१६ मध्ये साखर, मीठ, चरबी जास्त असलेल्या पाकिटांवर काळा अष्टकोनी इशारा सक्तीचा केला, त्यावरची कार्टूनची चित्रे बंद केली आणि शाळांत अशा मालाची विक्री थांबवली. आपल्याकडे २०२२ मध्ये मसुदा निघाला तो इशाऱ्याचा नव्हे, तारांकनाचा. म्हणजे अपायकारक मालालाही एखाददुसरा तारा मिळायचाच. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला या कामासाठी तीन महिन्यांची मुदत घालून द्यावी लागली. शाळेपासून पन्नास मीटरच्या आत असे पदार्थ विकू वा जाहिरातू नयेत, हा नियम २०२० पासून आहे. त्याच्या अंमलबजावणीची मागणी आपण केलीच पाहिजे. पण ती करताना सावध राहावे लागेल, कारण नियमाचा दंडुका नेहमी टपरीवाल्याच्या पाठीत बसतो आणि मुलाच्या मोबाइलमध्ये दिवसभर जाहिरात ओतणारा कारखानदार पन्नास मीटरच्या बाहेर सुरक्षित राहतो.

१९७२ मध्ये महागाईविरुद्ध मुंबईच्या स्त्रिया लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, तेव्हा तेल आणि साखर मिळावी ही मागणी होती. आज स्वस्त पामतेल आणि साखर पाकिटात भरून दारात येते. डाळ, दूध, अंडी, फळे आणि भाजी मात्र मजुराच्या आवाक्यात नाहीत. म्हणून रेशनवर तांदूळ-गव्हाबरोबर ज्वारी-बाजरी, डाळ आणि तेल, शाळेत सरकारी खर्चाने अंडे, न खाणाऱ्यास फळ, पाकिटांवर इशारा, आणि वस्तीत पाळणाघर, या मागण्या एकत्रच मांडल्या पाहिजेत.

शहरांतील शाखांनी आरंभ मैदानापासून करावा. विकास आराखड्याचा नकाशा पालिकेत पाहायला मिळतो. आपल्या प्रभागात खेळासाठी राखलेले भूखंड कोणते आणि आज त्यांवर काय उभे आहे, याची यादी प्रत्यक्ष फिरून करावी आणि या साप्ताहिकाकडे पाठवावी. ती भूखंड क्रमांकांसह छापण्यात येईल.