‘संदर्भ हवा’

मराठी विकिपीडियावरील एखाद्या वाक्यापुढे कंसात ‘संदर्भ हवा’ असे दोन शब्द आढळतात. प्रबंधाच्या समासात मार्गदर्शकाने लिहिलेले हेच शब्द विद्यार्थी मुकाट्याने स्वीकारतो. विकिपीडियावर मात्र तोच विद्यार्थी ते वाचून दुखावतो. ‘मी खोटं लिहिलंय का, सर?’ हा प्रश्न आम्ही इतक्या वेळा ऐकला आहे, की नव्या संपादकांना प्रथम काय शिकवावे, याविषयीचे आमचे मत हळूहळू बदलत गेले.

आधी आमचाच गुन्हा कबूल करावयास हवा. विकिपीडियावर आम्ही मिळून लिहिलेली पहिली नोंद आमच्या गुरुवर्यांवरची होती. ‘व्यासंगी’, ‘विद्यार्थिप्रिय’, ‘मराठी समीक्षेला नवे वळण देणारे’ ही विशेषणे तीत ओळीने बसवली होती. संदर्भ म्हणून त्यांच्या षष्ट्यब्दीचा गौरवग्रंथ दिला होता. आणि त्यातील ज्या लेखाचा हवाला दिला होता, तो लेखही आमचाच होता. कुणा अनोळखी सदस्याने अर्ध्या तासात अर्धी नोंद काढून टाकली. आम्ही चर्चापानावर तावातावाने भांडलो, पदव्या सांगितल्या, अध्यापनाची वर्षे मोजून दाखवली. त्याने शांतपणे एवढेच विचारले, ‘त्यांच्याशी आपला संबंध काय?’ उत्तर देण्यास आम्हांला दोन दिवस लागले.

मराठीला कोशवाङ्मयाची मोठी परंपरा आहे आणि आमचा गोंधळ काहीसा त्या परंपरेतूनच आला होता. केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड पुरे केले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. विश्वकोशातील नोंदीखाली लेखकाचे नाव असते. वाचक त्या नावावर, आणि नाव निवडणाऱ्या संपादक मंडळावर विसंबतो. विकिपीडियावर नाव असलेच तर टोपणनाव. तेथे प्राध्यापक आणि अकरावीतला मुलगा एकाच रांगेत उभे असतात, म्हणून विश्वासाचा सगळा भार संदर्भावर पडतो. हे अधिकारशून्यत्व आमच्यासारख्यांना पचावयास वेळ लागतो. मुलांना तुलनेने लवकर पचते.

२०१२ मधील फिलिप रॉथ यांची हकिकत आम्ही वर्गात आवर्जून सांगतो. त्यांच्या ‘द ह्यूमन स्टेन’ या कादंबरीवरील इंग्रजी नोंदीत, ती अनातोल ब्रॉयार्ड या समीक्षकाच्या जीवनावरून सुचली असावी, असा उल्लेख होता. रॉथ यांनी तो काढण्याची विनंती केली. लेखक हाच स्वतःच्या कृतीविषयीचा मोठा अधिकारी हे मान्य, परंतु दुय्यम साधन हवे, असे उत्तर त्यांना मिळाले. तेव्हा त्यांनी ‘द न्यूयॉर्कर’मध्ये प्रदीर्घ अनावृत पत्र लिहिले आणि त्या पत्राचा हवाला देऊन नोंद सुधारली गेली. मुले हसतात. परंतु ब्रॉयार्ड यांच्याशी असलेले साम्य परीक्षणकर्त्यांनी छापून दाखवलेले होतेच. आणि लेखकाचे स्वतःच्या कृतीविषयीचे म्हणणे अंतिम नसते, हे आपण एम.ए.च्या वर्गात दरवर्षी शिकवतो. रॉथ खोटे बोलत होते, असे कुणाचेही म्हणणे नव्हते. ‘मी खोटं लिहिलंय का?’ या प्रश्नाचे उत्तर येथेच आहे. उलट बाजूही सांगावी लागते: २००५ मध्ये जॉन सीगेन्थॅलर या अमेरिकन पत्रकारावर केनेडी-हत्येचा संशय होता, असे कुणीतरी थट्टेने लिहून ठेवले आणि ते चार महिने तसेच राहिले.

साधनांविषयी फार सांगत नाही. मुले संकेतस्थळांवरून उचलतात. पुरवणीतला लेख विकिपीडियावरून उचललेला असतो आणि मग तोच लेख विकिपीडियाला आधार म्हणून येतो. त्यांना ग्रंथालयात नेऊन १८०० ते १९५० पर्यंतच्या पुस्तकांचा शोध घेता येईल अशी शंकर गणेश दाते यांची ग्रंथसूची हातात दिली, की निम्मे काम होते.

कठीण आहे तो हितसंबंध. मुळात हा शब्दच अडचणीचा. मराठीत तो वर्तमानपत्री घोटाळ्यांच्या बातम्यांतून येतो. ‘तुमचा हितसंबंध आहे’ असे म्हटले, की समोरच्याला लाच घेतल्याचा आरोप ऐकू येतो. पैसे घेऊन लिहिणाऱ्याने ते जाहीर करावे, अशी अट विकिमीडियाच्या वापराच्या अटींत २०१४ पासून आहे, आणि ती रास्तच आहे. पण आमच्या मुलांना कोण पैसे देणार? त्यांचा हितसंबंध म्हणजे जवळीक. गाव, काकांचा कवितासंग्रह, महाविद्यालय. (संस्थेवर ‘चांगली’ नोंद लिहा, असे आम्हांला वरून सांगण्यात आले, तेव्हा नकार देणे आम्हांलाही सोपे गेले नाही.) २७ फेब्रुवारीच्या कार्यशाळांत आम्हीच वर्षानुवर्षे सांगत आलो, की जे ठाऊक आहे ते लिहा. घोळाचे मूळ या वाक्यात आहे. आता आम्ही प्रथम विचारतो, या विषयाशी तुझे नाते काय. आणि ते सदस्यपानावर लिहावयास लावतो. मग पहिल्या महिन्यात नात्याबाहेरचा विषय घ्यावयाचा. जवळचे काही सांगावयाचे असेल तर चर्चापानावर, साधनासह. जुन्या संपादकांनीही साचा चिकटवण्याआधी एक वाक्य विचारावे, असे आम्हांला वाटते. आम्हांला ते कुणीतरी विचारले होते, म्हणून आम्ही टिकलो.

तथापि हे सारे एका विद्यार्थिनीपुढे अपुरे पडले. तिने आपल्या गावावर लिहिले. १९७२च्या दुष्काळात गावच्या बायकांनी पाझर तलाव खोदला. पाटीवर एका पुढाऱ्याचे नाव आहे. गावात मात्र त्याला, कामावर असताना दगावलेल्या एका मजूर बाईच्या नावाने ओळखतात. संदर्भ: आजी. मजकूर अर्थातच गेला. ‘म्हणजे पाटीवर आहे तेवढंच खरं का, मॅडम?’ असे तिने विचारले. छापील जगाने ज्यांची दखल घेतली नाही, त्यांना ‘छापील साधन आणा’ म्हणणे निष्ठुरपणाचे आहे. तरीही नियम सैल करावा, असे आम्हांला वाटत नाही. सैल केलेल्या नियमाचा फायदा प्रथम तो पुढारीच घेईल. उणीव विकिपीडियाच्या अलीकडची आहे. ज्यांनी हे ऐकून, ताडून, छापावयास हवे होते, ते मराठीचे विभाग, म्हणजे आम्ही, गौरवग्रंथ लिहीत होतो.

आज त्या नोंदीत तालुका आहे, २०११च्या जनगणनेतील लोकसंख्या आहे, आणि तलावाचा नावाविना उल्लेख. आजींचे चाळीस मिनिटांचे ध्वनिमुद्रण आमच्या विभागात आहे. नंतर ती विद्यार्थिनी तलावावर काम केलेल्या आणखी दोघींकडे जाऊन आली. त्यांतल्या एकीने त्या बाईचे नाव वेगळे सांगितले आहे.