ड्रायव्हरचा पगार

ट्रकशी आपला परिचय बहुधा पाठीमागून होतो. घाटात पुढे एखादी भरलेली गाडी रांगत असते, मागे आपण अडकलेले असतो आणि तिच्या पाठीवरची अक्षरे वाचण्यावाचून दुसरा उद्योग नसतो. ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायला महाराष्ट्र सरकारने २०१५ साली मनाई केली, तेव्हापासून ती करमणूकही कमी झाली. पुढच्या काचेआडच्या माणसाची गाठ मात्र क्वचितच पडते. आमची पडली ती शेजारामुळे.

कळंबोलीच्या लोखंड बाजारापासून हाकेच्या अंतरावर आम्ही राहतो. खालच्या मजल्यावर एक ट्रकवाले गृहस्थ आहेत. दहा चाकी गाडी, एकच, आणि ती चालवणारे तेच. सारी इमारत त्यांना ‘मालक’ म्हणते. एकट्या वहिनी चिडल्या म्हणजे त्यांना ‘ड्रायव्हर’ म्हणतात. वाचकहो, या थट्टेत केवढा हिशेब दडलेला आहे हे आम्हांला गेल्या लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी कळले.

आम्ही पेन्शनर, पूर्वाश्रमीचे कारकून. वहिनी वही घेऊन वर आल्या आणि म्हणाल्या, “भावजी, एवढी बेरीज तपासून द्या. पाडव्याला दुसरी गाडी घ्यायची म्हणतात.” कर्ज देणारा तयार होता. मालकांनी पेढेसुद्धा सांगून ठेवले होते.

वही मोठी वाचनीय होती. कळंबोलीहून लोखंड भरायचे, नागपूरला उतरवायचे, आणि परतीला मिळाली तर संत्री, नाही तर मिळेल तो माल. भाडे ठरवणार ट्रान्सपोर्टवाला; त्याची दलाली आधीच कापलेली. निघताना हाती येतो तो अ‍ॅडव्हान्स, आणि कसारा घाट चढेपर्यंत तो डिझेलच्या टाकीत गेलेला असतो. उरलेले भाडे सही-शिक्क्याची पोच परत आणून दिल्यावर. म्हणजे कधी, ते पोच ठेवून घेणाऱ्यालाही सांगता येत नाही. मग टोल, हप्ता, विमा, पासिंग, परमिट, रिमोल्डचे टायर, ताडपत्री, हमाली. मध्येच ‘चहापाणी’ असे एक मोघम खाते होते. कुणाचे चहापाणी, हे आम्ही विचारले नाही. एका पानावर नुसतेच ‘उभी’ असे लिहिले होते. माल खाली होण्याची वाट पाहत गाडी एका गोदामाच्या दारात अडीच दिवस उभी होती. उभ्या गाडीचे भाडे कुणी दिले नव्हते; हप्त्याचे चक्र मात्र रविवारीही फिरते.

२०१८ च्या जुलैत सरकारने अशा गाडीची मालासकट वजनाची मर्यादा २५ टनांवरून २८.५ टनांवर नेली. साडेतीन टन जादा म्हणजे तेवढी जादा कमाई, असा आमचा बाळबोध समज. मालकांनी तो एकदाच खोडून काढला होता. “साडेतीन टन सगळ्यांच्याच गाडीत चढले, भाऊ. बाजारातला माल तेवढाच राहिला.”

तरीही सगळे वजा जाता शेवटी शिल्लक दिसत होती. फार नव्हे, पण होती. आम्ही ‘बरोबर’ असा शेरा मारणार, तोच वहिनींनी वहीवर बोट ठेवले.

“यात ड्रायव्हरचा पगार कुठं आहे?”

“ड्रायव्हर तर तेच ना?”

“मग दुसऱ्या गाडीवर कोण बसणार? तेच?”

आम्ही पेन्सिल खाली ठेवली. मालक होण्यापूर्वी हे गृहस्थ नऊ वर्षे दुसऱ्याच्या गाडीवर होते. तेव्हा महिन्याचा पगार मिळे, शिवाय खेपेचा भत्ता. आज अशा माणसाला जे द्यावे लागते ते आम्ही बारा महिन्यांनी गुणून खर्चात धरले, आणि शिल्लक जागच्या जागी विरघळली. उलट थोडी तूटच आली. ज्या नफ्यावर दुसरी गाडी उभी राहायची होती, तो नफा नव्हताच; ती एका ड्रायव्हरने न घेतलेली मजुरी होती.

संध्याकाळी मालक आले ते तणतणतच. “पगार घेऊन कुठं ठेवू? या खिशातून त्या खिशात?” चहा झाल्यावर मात्र बराच वेळ बोलत बसले. समृद्धी महामार्ग मुंबईपासून नागपूरपर्यंत ७०१ किलोमीटर. त्याचा शेवटचा तुकडा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. ड्रायव्हर म्हणतो, समृद्धीने चल, पाठ वाचेल. मालक म्हणतो, टोल बघ, त्यापेक्षा धुळे, जळगाव, अकोला, अमरावती असा जुना रस्ता धर. ड्रायव्हर म्हणतो, डोळे मिटतायत. मालक म्हणतो, सकाळी गाडी खाली झाली तर परतीचे भाडे मिळेल. १९६१ साली मोटार वाहतूक कामगारांसाठी कायदा झाला, त्यात दिवसाला आठ तास काम ठरवले होते. पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यांसाठी. इथे कामगार एक, आणि धनीही तोच. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या नव्या ट्रकांच्या केबिनी वातानुकूलित असाव्यात असा नियम झाला. यांची गाडी जुनी, वारा येईल तोच खरा.

“नोकरीत होतो तेव्हा,” मालक एकदम हळू आवाजात म्हणाले, “डोळा लागायला आला की गाडी बाजूला घ्यायचो आणि शेठला फोनवर सांगायचो, घाटात जाम आहे. आता शेठला खोटं सांगता येत नाही.”

दारात उभ्या असलेल्या वहिनी काही बोलल्या नाहीत. कपबश्या उचलून आत गेल्या.

पाडव्याला दुसरी गाडी आली नाही. पेढे तेवढे आले, ते आम्ही खाल्ले.

परवा वहिनी नवी वही दाखवायला आल्या होत्या. दर महिन्याच्या पानावर, डिझेलच्याही वर, त्यांच्या वळणदार अक्षरात पहिली ओळ आहे: ‘ड्रायव्हर, पगार’. ते पैसे त्या वेगळ्या डब्यात ठेवतात आणि खेपेनंतर एक दिवस गाडीला हात लावू देत नाहीत. आकडा आम्हांला जरा कमी वाटला. विचारले, तर म्हणाल्या, मालकांनी घासाघीस करून खाली आणला. ड्रायव्हर मात्र दिवाळीच्या बोनससाठी अडून बसला आहे.